मुलांच्या पथकातली राखीव खाती

संविधानाच्या ६१व्या दुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. अठरा वर्षे पूर्ण होताच तरुणाच्या हाती देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार येतो. परंतु त्याआधीच्या अठरा वर्षांत त्याला कोणता सामूहिक निर्णय घेऊ दिलेला असतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शाळेची सहल कुठे जाईल, स्नेहसंमेलनात कोणते नाटक बसेल, क्रीडासाहित्याचे पैसे कशावर खर्च होतील, हे सारे मोठी माणसे परस्पर ठरवून टाकतात. चार जणांचे ऐकून घेणे, मतभेद असतानाही एक वाट धरणे, सामाईक पैशाचा हिशेब देणे आणि निर्णय फसला तर तो आपला होता असे म्हणून पुढच्या बैठकीला पुन्हा हजर राहणे, ही लोकशाहीची रोजची कामे आहेत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्यांची नावे छापलेली असतात; त्यांचा सराव मात्र कुठे होत नाही.

तो सराव घडावा म्हणून रचलेली एक संस्था शतकाहून अधिक काळ आपल्याकडे आहे. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात, पाहुण्यांच्या स्वागताच्या रांगेत, जत्रेतल्या पाणपोईवर गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले आपण पाहतो आणि स्काऊट-गाईड म्हणजे शिस्त, सेवा व गणवेश असे समीकरण मनाशी बांधतो. या चळवळीचा गाभा मात्र संचलनात दिसत नाही. पथक मुले चालवतात, आणि त्यांना ते चालवता यावे एवढ्यासाठी प्रौढ स्वयंसेवक तिथे असतो, हा तो गाभा. आपल्याकडे गणवेश टिकला, गाठी मारण्याचे कौशल्यही बऱ्यापैकी टिकले. पण पथक कोणी चालवायचे, या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलटे झाले. सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने ही गोष्ट वाटते त्यापेक्षा गंभीर आहे.

सहा-आठ जणांचे छोटे राज्य

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउन्सी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे शिबिर भरवले. ईटन, हॅरो यांसारख्या उच्चभ्रू शाळांतील मुले आणि बोर्नमथ व पूल या गावांतील सामान्य घरांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली. त्यांचे चार संघ केले, संघांना लांडगा, बैल अशी प्राण्या-पक्ष्यांची नावे दिली आणि प्रत्येक संघाचे नेतृत्व त्या संघातल्याच थोड्या मोठ्या मुलाकडे सोपवले. बेडन-पॉवेल हे साम्राज्याचे सेनानी होते. बोअर युद्धातील माफेकिंगच्या वेढ्यात निरोप पोहोचवण्याची कामे कोवळ्या मुलांनी कशी निभावली, हे त्यांनी पाहिले होते. तरीही मुलांसाठी रचना करताना त्यांनी लष्करातली हुकमांची लांबलचक उतरंड घेतली नाही. घेतली ती फक्त छोट्या तुकडीची कल्पना.

या कल्पनेला पद्धतीचे रूप देण्यात रोलंड फिलिप्स या तरुण कार्यकर्त्याचा मोठा वाटा होता. संघपद्धतीवरचे त्याचे छोटेखानी पुस्तक अनेक पिढ्यांच्या स्काऊटमास्तरांनी वापरले. तो स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेली रचना आजही नियमपुस्तकांत जवळपास तशीच आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा संघनायक व उपनायक. असे दोन ते चार संघ मिळून पथक. संघातल्या गोष्टी संघसभेत ठरतात. संघनायकांची मिळून मानसभा होते. पथकाचा कार्यक्रम, पथकाचा निधी, पथकाची शिस्त हे तिचे विषय. स्काऊटमास्तर मानसभेला हजर असतो आणि विचारल्यावर सल्ला देतो. निर्णय मात्र मुलांचा असतो आणि त्याची नोंद मुलांच्याच हस्ताक्षरात इतिवृत्ताच्या वहीत होते.

संघाचा आकार सहा ते आठ ठेवण्यामागे व्यवहाराचे शहाणपण आहे. तीस मुलांच्या घोळक्यात पाच जण बोलतात आणि पंचवीस ऐकतात. आठ जणांत गप्प बसणारा लगेच लक्षात येतो आणि कामचुकारही. आठांपैकी एकाने पाणी आणले नाही तर सात जणांचे जेवण अडते. कोणाला दोष द्यायचा आणि तो कसा द्यायचा, हे त्या सातांनाच ठरवावे लागते. जबाबदारीचा हा धडा कोणत्याही व्याख्यानाने देता येत नाही.

मॉनिटर आणि नायक

मोठ्या मुलाने लहान मुलांना हाताशी धरावे, ही कल्पना आपल्या देशाला नवी नव्हती. १७८९ पासून काही वर्षे मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाची शाळा सांभाळणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने स्थानिक शाळेत वाळूवर बोटाने अक्षरे गिरवणारी मुले पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. शिकवण्याचे काम त्याने पुढे गेलेल्या मुलांवरच सोपवले. १७९७ मध्ये त्याने आपल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती रीत इंग्लंडभर पसरली. स्वस्तात पुष्कळ मुले शिकवता येतात, हे तिचे मुख्य आकर्षण होते. आपल्या वर्गातला ‘मॉनिटर’ त्याच कुळातला आहे.

मॉनिटर आणि संघनायक दिसायला सारखे असले तरी दोघांत मूलभूत फरक आहे. मॉनिटर हा मास्तरांचा लांबवलेला हात असतो. कोण बोलले त्याची नावे फळ्यावर लिहिणे, वह्या गोळा करणे, शांतता राखणे, ही त्याची कामे; त्याची सत्ता वरून येते आणि त्याचा हिशेबही वरच द्यायचा असतो. संघनायकाची सत्ता त्याच्या सात सोबत्यांनी मानली तरच टिकते. शनिवारी कुठे जायचे, हे त्याला त्यांच्याशी बोलून ठरवावे लागते आणि मानसभेत तो मांडतो ते त्यांचे म्हणणे असते. मॉनिटर वरचा हुकूम खाली नेतो, नायक खालचे मत वर नेतो. आपल्या बहुसंख्य पथकांत आज नायकाच्या खांद्यावरच्या पट्ट्या मॉनिटरला लावलेल्या दिसतात.

‘अजून तयार नाहीत’

भारतातील स्काऊट चळवळीचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिले पथक काढले ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. टेहळणी, खुणांची भाषा, छावणी आणि संघटन शिकलेली भारतीय मुले उद्या कोणाच्या विरोधात उभी राहतील, ही सरकारची धास्ती होती; वर सांगितले जाणारे कारण मात्र पात्रतेचे असे. तेव्हा आपल्या लोकांनी स्वतःची पथके उभी केली. १९१७ च्या सुमारास मद्रासेत ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांसाठी संघटना काढली. तिकडे अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या प्रयत्नांतून सेवा समितीची बालवीर संघटना आकाराला आली. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य, पुढे तिचे अध्यक्ष. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात स्वयंसेवकांचे मोठे पथक घेऊन ते उतरले होते. गांधीजी आणि त्यांचे फिनिक्सचे सोबती त्याच पथकाच्या मदतीला गेले होते. भारतीय स्काऊट चळवळीच्या सेवाभावाला असा मेळ्यातल्या धुळीचा वास आहे.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि मद्रासची संघटना मुख्य प्रवाहात विलीन झाली. सेवा समितीने स्वतंत्र राहणे पसंत केले. १९३७ च्या त्यांच्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी केलेल्या शेऱ्यांवरून असंतोष उसळला आणि दुसऱ्याच वर्षी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने हे सारे प्रवाह एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संघटना अस्तित्वात आली. पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. तिच्या शिल्पकारांत कुंझरूंच्या जोडीने न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस होते. नागपूरला वकिली करून तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेल्या या गृहस्थांनी मध्य प्रांतातील स्काऊट चळवळीला उमेदीची अनेक वर्षे दिली होती.

ज्या काळात भारतीय मुले आपली पथके काढत होती, त्याच काळात भारतीय प्रौढांना स्वराज्याचे हप्ते दिले जात होते. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती भारतीय मंत्र्यांकडे गेली. अर्थ, महसूल, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. मंत्र्याने शाळेची योजना आखायची आणि पैशासाठी दुसऱ्या दाराशी उभे राहायचे, असा तो प्रकार होता. या व्यवस्थेचे समर्थन एकाच वाक्यात होई: हे लोक अजून तयार नाहीत. आमच्या राष्ट्रीय नेत्यांनी त्यावर दिलेले उत्तरही तितकेच सरळ होते: जबाबदारी पेलल्याखेरीज कोणी तयार होत नाही.

आज एखाद्या शाळेच्या पथकात डोकावून पाहिले तर हीच द्विदल पद्धती तिथे नांदताना दिसते. शेकोटीला कोणते गाणे म्हणायचे, संघाच्या झेंड्याला कोणता रंग द्यायचा, ही सोपीव खाती. शिबिर कुठे व कधी, पैसे किती व कशावर, नायक कोण, नियम मोडला तर काय करायचे, ही राखीव खाती. ती शिक्षकांकडे, मुख्याध्यापकांकडे किंवा जिल्हा कार्यालयाकडे. आणि कारण विचारले तर तेच जुने वाक्य ऐकू येते. ज्या संघटनेचे ब्रीद ‘तयार’ हा एकच शब्द आहे, तिच्या पथकात मुले तयार नाहीत म्हणून त्यांना काही करू दिले जात नाही.

गणवेशामागचे गणित

हे केवळ शिक्षकांच्या हटवादीपणामुळे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे पथक बहुधा शाळेच्या आश्रयाने चालते. स्काऊटमास्तर किंवा गाईड कॅप्टन म्हणजे त्या शाळेतला शिक्षक. त्याच्यावर अध्यापनाखेरीज मतदारयाद्यांपासून शालेय पोषण आहारापर्यंत अनेक कामांचा भार. इतर अनेक देशांत हे काम शाळेबाहेरचे नागरिक, बँकेतला कारकून, परिचारिका, निवृत्त गृहस्थ, पूर्वी स्वतः स्काऊट असलेला महाविद्यालयीन तरुण, आपल्या वेळातून करतात. आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ हा शब्द नियमपुस्तकात आहे, प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा मुख्याध्यापकांनी नेमलेला कर्मचारी असतो. त्याने मागे राहून मुलांना पुढे करावे, अशी अपेक्षा करताना त्याची वार्षिक तपासणी मात्र संख्येवर होते: किती मुले नोंदली, किती द्वितीय सोपानाला बसली, किती राज्य पुरस्काराला पात्र ठरली.

दुसरे कारण पुरस्कारांना चिकटलेल्या लाभांचे. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी ही शिडी आहे. केरळसारख्या राज्यात शालान्त परीक्षेत स्काऊट-गाईडना वाढीव गुण मिळत आले आहेत. भारतीय रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते आणि तिथे राष्ट्रपती पुरस्काराचे मोल मोठे आहे. सामान्य घरातल्या मुलासाठी ही संधी खरी आहे आणि तिची टिंगल करणे सुस्थितीतल्या माणसाला शोभत नाही. पण लाभ प्रमाणपत्राला मिळतो, म्हणून पालक प्रमाणपत्र मागतात, शाळा प्रमाणपत्र पुरवते आणि नोंदवही परीक्षेच्या वहीसारखी एकसाची भरली जाते. मानसभेची बैठक झाली की नाही, हे कोणी विचारत नाही. इतिवृत्त मात्र सुवाच्य अक्षरात तयार असते.

सेवेत असताना उत्तरेकडील एका जिल्ह्यात मला अशा अनेक शिबिरांच्या समारोपाला जावे लागे. त्यांतली दोन स्मरणात राहिली. पहिल्या शिबिरात तंबूंच्या रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या, बांबूचे प्रवेशद्वार देखणे होते आणि जेवण उत्तम होते. सहज चौकशी केली तेव्हा कळले की तंबू मंडपवाल्याने ठोकले होते, प्रवेशद्वार सुताराने केले होते आणि स्वयंपाकाला आचारी होता. मुलांनी तीन दिवस स्वागतगीताचा सराव केला होता. दुसरे शिबिर नदीकाठच्या एका आमराईत होते. तिथे एक तंबू कलला होता, भात खाली लागला होता आणि कार्यक्रम चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाला. कारण विचारले तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा नायक पुढे येऊन म्हणाला, “लाकडे ओली निघाली. आमच्या संघाने ती झाकायला हवी होती. उद्या झाकू.” त्यांचे शिक्षक दूर झाडाखाली उभे होते, ते मध्ये पडले नाहीत. पहिल्या शिबिराचा अहवाल चांगला झाला असणार. नागरिक मात्र दुसऱ्या शिबिरात घडत होते.

मागे उभे राहण्याची विद्या

त्या शिक्षकांचे मध्ये न पडणे ही निष्क्रियता नव्हती. प्रौढाने काहीच करायचे नाही, असा संघपद्धतीचा अर्थ कोणी केला तर पथक दोन महिन्यांत मोडते. उलट हे काम स्वतः हुकूम सोडण्यापेक्षा अधिक कष्टाचे आहे आणि त्याला निश्चित तंत्र आहे.

त्यातले पहिले काम म्हणजे नायकांना शिकवणे. उत्तम स्काऊटमास्तर पथकातल्या सर्व मुलांना सारखे शिकवत बसत नाही. तीन-चार संघनायकांना तो आठवड्यातून एकदा वेगळे घेतो, नकाशा, प्रथमोपचार, चूल, बैठक चालवणे हे सारे त्यांच्याकडून करून घेतो आणि मग शनिवारी त्यांनाच आपापल्या संघाला शिकवू देतो. मुले नायकाकडून शिकतात तेव्हा नायकाचा अधिकार पट्ट्यांपुरता राहत नाही.

दुसरे काम म्हणजे गैरसोय आणि धोका यांच्यातली रेघ ओळखणे. भात कच्चा राहिला, मीठ विसरले, वाट चुकून दोन किलोमीटर जास्त चालावे लागले, ही गैरसोय आहे. ती होऊ द्यावी. पोहण्याच्या जागेचा तळ माहीत नाही, पिण्याचे पाणी उकळलेले नाही, वाऱ्याच्या दिशेला कोरड्या गवताजवळ चूल मांडली आहे, एखाद्या लहानग्याला रात्री छळले जात आहे, हा धोका आहे. तिथे प्रौढाने क्षणाचाही विलंब न लावता हस्तक्षेप केला पाहिजे. राखीव खाते असेलच तर ते एवढेच, सुरक्षिततेचे. आणि त्याची यादी पथकाला आधीच सांगितलेली असावी, म्हणजे हस्तक्षेप मनमानी वाटत नाही.

याच खात्यात प्रौढांच्या स्वतःच्या वर्तनाचाही समावेश होतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर मुलांसोबत काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेला भाबडेपणा परवडणारा नाही. शिबिरात एकच प्रौढ नसावा, मुलांच्या व मोठ्यांच्या झोपण्याच्या जागा वेगळ्या असाव्यात, तक्रार पथकाबाहेरच्या व्यक्तीकडे नेण्याची वाट मुलांना माहीत असावी, हे किमान नियम आहेत. येथे संघपद्धतीचा एक न बोलला जाणारा लाभही आहे. ज्या मुलांना बैठकीत मोठ्यांसमोर ‘हे आम्हाला मान्य नाही’ असे म्हणण्याची सवय आहे, त्यांना गप्प बसवणे अवघड असते.

तिसरे काम आहे प्रश्न विचारण्याचे. मानसभेत मुले महागड्या ठिकाणी सहल ठरवतात तेव्हा ‘नाही’ म्हणणे सोपे असते. ‘निधीत किती आहेत? ज्याला वर्गणी देता येणार नाही त्याचे काय?’ एवढे विचारून थांबणे अवघड. परंतु त्या थांबण्यातच अंदाजपत्रकाचा पहिला धडा असतो आणि समतेचाही.

चौथे काम म्हणजे फसलेल्या गोष्टीनंतर अर्धा तास सोबत बसणे. काय ठरले होते, काय झाले, पुढच्या वेळी काय करू, एवढीच चर्चा. या बैठकीशिवाय चूक ही केवळ चूक राहते.

जातीची पंगत आणि दादागिरी

मुलांच्या स्वराज्याविषयी घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. मुलांचे राज्य म्हणजे बहुतेकदा दांडग्या मुलाचे राज्य, असे अनुभवी शिक्षक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मुले समाजाबाहेरून येत नाहीत. घरातली जात, मुलगा-मुलगी भेद, श्रीमंतीचा तोरा त्यांच्याबरोबर पथकात येतो. नायकाची निवड त्यांच्यावर सोडली तर गावातल्या वजनदार घरातला मुलगा निवडून येण्याचा संभव असतो. भांडी घासण्याची पाळी एकाच वस्तीतल्या मुलांवर पुन्हा पुन्हा येते. मुलींच्या पथकाला शिबिराची परवानगी मिळवणे हीच एक लढाई असते.

या आक्षेपाचे उत्तर मुलांकडून अधिकार काढून घेणे हे नाही, कारण मोठ्यांच्या हाती अधिकार असतानाही ही विषमता नाहीशी झालेली नाही. उत्तर रचनेत आहे. संघ बनवताना वस्ती, जात, आर्थिक स्तर मिसळलेले असावेत, हे प्रौढाने पाहायचे. ब्राउन्सीच्या शिबिरात हेच केले गेले होते. एका संघाची एकच चूल, एकच भांडे, कामांची पाळी लेखी आणि फिरती. आपल्या देशात सहा-आठ मुलांनी एका भांड्यात शिजवून एकत्र जेवणे ही आजही लहान गोष्ट नाही. नायकाची मुदत ठरावीक असावी, म्हणजे एकाचीच गादी होत नाही. मानसभेचे इतिवृत्त पुढच्या संघसभेत मोठ्याने वाचले जावे. दादागिरीवर सर्वांत परिणामकारक इलाज म्हणजे उघड्यावर ठेवलेली नोंदवही. हे ग्रामसभेला लागू पडते तसेच मुलांच्या पथकालाही.

संचलन एकीकडे, स्वराज्य दुसरीकडे

कुंझरूंच्या आयुष्यातला एक तपशील धोरणकर्त्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे. स्काऊट चळवळ उभारणाऱ्या याच गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९४८ चा राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा आला. म्हणजे हुकमाची शिस्त आणि स्वराज्याची शिस्त या दोन्ही संस्थांच्या जडणघडणीत एकाच माणसाचा हात होता. छात्रसेनेत अधिकाऱ्याने आज्ञा द्यायची असते आणि ते तिच्या हेतूला धरून आहे. पण दोन वेगळ्या संस्था देशाला लागल्या, याचा अर्थ दोन वेगळ्या गरजा होत्या. स्काऊट पथकाला छात्रसेनेची कनिष्ठ आवृत्ती करून टाकले, तर पहिली गरज दोनदा भागते आणि दुसरी अजिबात भागत नाही.

दुसरी गरज आता आंतरराष्ट्रीय बांधिलकीचाही भाग आहे. १९९२ मध्ये भारताने स्वीकारलेल्या बालहक्क करारनाम्याचे बारावे कलम मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क मान्य करते. त्यासाठी नवे आयोग, नव्या ‘बालसंसदा’ आणि त्यांची उद्घाटने करण्यापूर्वी जी यंत्रणा शाळाशाळांत आधीच उभी आहे तिच्यात प्राण फुंकणे स्वस्त आणि शहाणपणाचे ठरेल.

त्यासाठी चार गोष्टी करता येतील. पहिली, पथकाच्या मूल्यमापनाचा निकष बदलणे: किती पुरस्कार मिळाले याआधी मानसभा किती वेळा भरली, निधीचा हिशेब कोणी ठेवला, शिबिर कोणी आखले, हे मुलांशीच बोलून तपासावे. दुसरी, शाळेबाहेरच्या प्रौढांना दार उघडणे: निवृत्त शिक्षक, सैनिक, परिचारिका, माजी स्काऊट-गाईड यांची पार्श्वभूमी तपासून, प्रशिक्षण देऊन त्यांना पथकाशी जोडावे, म्हणजे शिक्षकावरचा भार हलका होईल. तिसरी, प्रशिक्षणाचा रोख बदलणे: गाठी आणि खुणा शिकवायला पुस्तके पुरेशी आहेत, प्रशिक्षण केंद्रांत प्रौढांना ऐकण्याचा, थांबण्याचा आणि धोक्याची रेघ ओळखण्याचा सराव द्यावा. चौथी, लहानशी पण निर्णायक: पथकाच्या निधीतला ठरावीक भाग मानसभेच्या ठरावानेच खर्च व्हावा, असा नियम करावा. द्विदल राज्यपद्धतीतल्या मंत्र्यांची खरी कोंडी तिजोरीपाशी होत असे. मुलांचीही तिथेच होते.

यांतल्या कशालाच मोठा खर्च नाही. खर्च आहे तो मोठ्यांच्या अहंकाराचा. प्रशासनात काय, शाळेत काय, ‘मी नसतो तर हे झालेच नसते’ हे वाक्य आपल्याला फार प्रिय असते. स्काऊट पथकातल्या स्वयंसेवकाने नेमके उलटे वाक्य कमवायचे असते: एका शनिवारी तो आजारी पडला, आला नाही, आणि मुलांनी बैठक वेळेवर सुरू केली, ठराव लिहिले, दोरखंड मोजून पेटीत ठेवले आणि कुलूप लावून घरी गेली. ज्या देशात दर वर्षी कोट्यवधी मुले मतदार होतात, त्या देशाला असे शनिवार पुष्कळ हवे आहेत.